बंद पडलेला गावचा पब आणि त्याचा दानधर्म : दोन्ही पुन्हा उभे कसे करावेत

इंग्लंडमधील यॉर्कशायर डेल्स या डोंगराळ भागात व्हार्फ नदीच्या काठी हबरहोम नावाची अगदी लहान वस्ती आहे. नदीच्या एका तीरावर सेंट मायकेलचे जुने चर्च आहे आणि पूल ओलांडला की ‘जॉर्ज’ हा पब लागतो. नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी या पबमध्ये सोळा एकरांच्या एका कुरणाचा लिलाव होतो. त्या कुरणाचे नावच ‘गरिबांचे कुरण’ असे आहे. मेणबत्ती पेटवली जाते, शेतकरी बोली लावत राहतात, आणि ज्योत विझताना ज्याची बोली शेवटची असेल त्याला वर्षभराची चराई मिळते. पाद्री एका खोलीत बसतात, ती ‘उमरावांची सभा’. शेतकरी बारपाशी जमतात, ती ‘सामान्यांची सभा’. जो खंड येतो तो पॅरिशमधील, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतील, गरजू लोकांसाठी खर्च होतो.

बंद पडलेला ऐतिहासिक पब विकत घेऊन तो गावाच्या मालकीने चालवण्याचा विचार करणाऱ्यांनी हे उदाहरण सुरुवातीपासून समोर ठेवावे, कारण पबच्या दानधर्माचे खरे स्वरूप त्यात उघड दिसते. ठरलेला दिवस, ठरलेली जागा, उत्पन्नाचा सर्वांना ठाऊक असलेला स्रोत आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होणारा व्यवहार या चार गोष्टींवर तो उभा असतो. इमारत सावरली आणि या गोष्टी सुटल्या, तर गावाच्या हाती एक बार लागतो, जुना पब लागत नाही. म्हणून दानधर्माचा विचार ‘धंदा रुळावर आला की पाहू’ असे म्हणून पुढे ढकलू नये; संस्थेचे पोटनियम लिहितानाच त्याची जागा ठरवावी.

हा लेख मुख्यतः ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आणि आपल्या गावातील अशा समितीत ओढल्या गेलेल्या मराठी वाचकांसाठी आहे. येथे कायदे इंग्लंडला धरून सांगितले आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समधील व्यवस्था अनेक बाबतींत वेगळी आहे. ‘पब म्हणजे दारूचा गुत्ता’ असे समजून जे या कामापासून दूर राहतात, त्यांच्यासाठी एवढेच सांगणे पुरे की पब्लिक हाऊस या नावातील ‘पब्लिक’ हा शब्द तेथे अजून जिवंत आहे. ज्याने आयुष्यात बिअरचा घोट घेतलेला नाही असा माणूसही पबच्या समितीचा उत्तम खजिनदार होऊ शकतो.

आधी दप्तर शोधावे

पहिले दोन महिने हातोडी किंवा देणगीची पावतीपुस्तके बाहेर काढू नयेत. या पबने गावासाठी नेमके काय केले होते, हे आधी शोधावे. बहुतेक समित्या ‘येथे पूर्वी खूप दानधर्म होत असे’ या ऐकीव वाक्यावर थांबतात, आणि मग परंपरेच्या नावाखाली कोणाच्या तरी डोक्यातून निघालेली एखादी नवी जत्रा सुरू होते.

शोधाची सुरुवात परगण्याच्या अभिलेखागारापासून करावी. १५५२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये मद्यगृहांना न्यायाधीशांचा परवाना आवश्यक झाला, त्यामुळे अनेक परगण्यांत परवान्यांच्या आणि चालकांच्या जामीनपत्रांच्या नोंदी सापडतात. एकोणिसाव्या शतकातील दशमांशाचे, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या आकारणीसाठी काढलेले, नकाशे पबभोवतीच्या जमिनी कोणाच्या होत्या हे दाखवतात. इमारत एखाद्या मद्यनिर्मात्या कंपनीची असेल, तर त्या कंपनीच्या कागदपत्रांत मूळ आराखडे मिळण्याची शक्यता असते. दानधर्मासाठी मात्र सर्वांत मोलाचे साधन वेगळेच आहे. १८१८ पासून सुमारे वीस वर्षे इंग्लंडमधील धर्मादाय निधींची संसदेच्या आदेशाने चौकशी झाली. हेन्री ब्रूम या खासदाराच्या पुढाकारामुळे ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्या अहवालांत पॅरिशवार नोंदी आहेत : अमुक शेताचा खंड, अमुक घराचे भाडे, त्यातून अमुक दिवशी पाव किंवा कोळसा. गावच्या चर्चमध्ये लाकडी दानफलक असेल तर तो अहवालाशी ताडून पाहावा.

त्यानंतर गावातील ज्येष्ठांकडे जावे, आणि ‘काय परंपरा होती?’ असे न विचारता ‘पैसे कोण गोळा करत असे आणि ते कोठे ठेवले जात?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला भावुक उत्तर मिळते, दुसऱ्याला उपयोगी.

शोधात सहसा काही विशिष्ट प्रकार हाती येतात. मध्ययुगात चर्चच्या दुरुस्तीसाठी आणि गरिबांसाठी एल नावाचे मद्य गाळून सामुदायिक मेजवानी होत असे. एखादा शेजारी संकटात सापडला तर केवळ त्याच्या मदतीसाठीही अशी मेजवानी घालत. डेव्हन परगण्यात ‘चर्च हाऊस’ या नावाचे पब आजही आढळतात, ते याच प्रथेची आठवण आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून परस्परसाहाय्य मंडळे पबच्या माडीवर भरू लागली. सभासद ठरावीक वर्गणी भरत आणि आजारपणात किंवा मृत्यूनंतर कुटुंबाला आधार मिळे. त्याचेच छोटे रूप म्हणजे स्लेट क्लब आणि गूज क्लब. दर आठवड्याला थोडी थोडी रक्कम पबमालकाकडे जमा करायची आणि नाताळाच्या आधी ती वाटून घ्यायची किंवा तिच्यातून हंस आणायचा, अशी ती रीत होती. भिशी लावलेल्या मराठी माणसाला ती समजावून सांगण्याची गरज नाही. विसाव्या शतकात बारवर पेनीची नाणी एकावर एक चिकटवून मनोरा उभारायचा आणि तो भरला की एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीच्या हस्ते पाडून पैसे रुग्णालयाला किंवा संस्थेला द्यायचे, ही पद्धत फार लोकप्रिय होती. किनाऱ्यावरच्या पबांत जीवरक्षक नौकांच्या संस्थेची नावेच्या आकाराची दानपेटी असे, आणि अनेक ठिकाणी ती अजूनही आहे.

पबचालकांनी आपल्या पेशातील लोकांसाठीही असेच काम केले. १७९३ मध्ये परवानाधारक मद्यविक्रेत्यांनी परस्परसाहाय्य संस्था स्थापन केली आणि तिच्या उत्पन्नासाठी १७९४ मध्ये ‘मॉर्निंग अॅडव्हर्टायझर’ हे वृत्तपत्र काढले. लंडनमधील पेकम येथे १८२० च्या दशकाच्या अखेरीस वृद्ध पबचालकांसाठी आश्रमगृहांची पायाभरणी झाली. त्या इमारती आजही उभ्या आहेत. गावच्या पबचा संबंध अशा मोठ्या संस्थांशी होता का, हेही तपासावे.

इमारत हातची जाऊ देऊ नये

कागदपत्रांचा शोध चालू असतानाच कायद्याचे संरक्षण मिळवावे, कारण बंद पब विकासकाच्या हाती जायला फार वेळ लागत नाही. येथे तीन वेगवेगळ्या ढाली आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली ढाल २०११ च्या स्थानिकता कायद्याची. पबची नोंद ‘अॅसेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू’, म्हणजे समाजासाठी मोलाची मालमत्ता, म्हणून व्हावी असा अर्ज पॅरिश कौन्सिल, म्हणजे गावपातळीवरची परिषद, किंवा किमान २१ स्थानिक सभासद असलेला साधा गटही करू शकतो. स्थानिक प्राधिकरणाने ८ आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो आणि नोंद ५ वर्षे टिकते. त्यानंतर मालकाला विक्री करायची असेल तर आधी कळवावे लागते. ६ आठवड्यांत एखाद्या पात्र स्थानिक संस्थेने इच्छा नोंदवली, तर मूळ सूचनेपासून ६ महिने विक्री थांबते. येथे एक गैरसमज हमखास होतो : हा बोली लावण्याचा हक्क आहे, खरेदीचा नव्हे. सहा महिने संपल्यावर मालक हव्या त्या माणसाला हव्या त्या किमतीला विकू शकतो. जुलै २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात या हक्काचे रूपांतर खरेदीच्या प्राधान्यहक्कात करण्याची आणि मुदत १२ महिन्यांपर्यंत वाढवण्याची तरतूद होती. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला नियम कौन्सिलकडून लेखी विचारून घ्यावा.

दुसरी ढाल नियोजनाची. मे २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडण्यासाठी किंवा त्याचा वापर बदलण्यासाठी नियोजन परवानगी लागते. तिसरी ढाल सूचीबद्ध, म्हणजे ऐतिहासिक महत्त्वामुळे सरकारी सूचीत नोंदलेल्या, इमारतीची. दुसऱ्या श्रेणीत नोंद झाली तरी इमारतीच्या आतील आणि बाहेरील वैशिष्ट्यांना हात लावण्यापूर्वी स्वतंत्र संमती आवश्यक ठरते, आणि संमतीविना केलेले काम हा फौजदारी गुन्हा असतो. ही ढाल समितीलाही तितकीच बांधते, हे लक्षात ठेवावे.

लंडनच्या नन्हेड भागातील ‘आयव्ही हाऊस’ या पबने या ढालींचा उपयोग कसा करावा हे दाखवून दिले. दोन महायुद्धांच्या दरम्यान ट्रूमन या मद्यनिर्मात्या कंपनीसाठी बांधलेला, १९७० च्या दशकात संगीताच्या मैफिलींसाठी गाजलेला हा पब २०१२ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी सदनिका होण्याची चिन्हे दिसू लागली. रहिवाशांनी आधी दुसऱ्या श्रेणीची नोंद मिळवली, मग नव्या कायद्याखाली समाजमूल्याची नोंद. अशी नोंद झालेला तो देशातील पहिला पब ठरला. २०१३ मध्ये त्यांनी तो विकत घेतला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा उघडला.

‘कार्लटन टॅव्हर्न’ची गोष्ट वेगळी आणि अधिक बोधक आहे. पश्चिम लंडनमधील हा पब मालकाने एप्रिल २०१५ मध्ये परवानगीशिवाय पाडला. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो जसा होता तसा पुन्हा बांधण्याचा आदेश दिला आणि २०२१ मध्ये पब पुन्हा उघडला. हे शक्य झाले, कारण सूचीत नोंद करण्याचा विचार चालू असताना वारसाखात्याने आतील कामाची बारकाईने नोंद घेतली होती आणि साचेही काढले होते. म्हणून समितीने पहिल्याच आठवड्यात प्रत्येक खोलीची, प्रत्येक फरशीची, बारमागच्या फडताळाची, नक्षीदार काचांची छायाचित्रे मोजपट्टी लावून काढावीत आणि ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत. यासाठी खर्च जवळपास नाही आणि परवानगी लागली तर मालकाची लागते, सरकारची नाही.

संस्था, भांडवल आणि बिनपगारी माणसे

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला या टप्प्यावर घरच्यासारखे वाटेल, कारण प्रश्न शेवटी सहकारी संस्थेचाच आहे. कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट येथील ‘ओल्ड क्राऊन’ हा पब २००३ मध्ये गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर घेतला. असे करणारा तो ब्रिटनमधील पहिला पब मानला जातो. आज बहुतेक गट २०१४ च्या कायद्याखाली ‘कम्युनिटी बेनिफिट सोसायटी’ नोंदवतात, म्हणजे सभासदांच्या नव्हे तर समाजाच्या हितासाठी चालणारी संस्था. नोंदणी फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या वित्तीय नियामकाकडे होते. कितीही भाग घेतले तरी एका सभासदाला एकच मत असते. भागाची किंमत दर्शनी मूल्याच्या वर जात नाही. एका व्यक्तीला १ लाख पौंडांपर्यंतचेच परतावायोग्य (संस्थेला परत करून पैसे काढता येणारे) भाग घेता येतात. आणि मालमत्ता-बंधनाचे कलम घातले तर उद्या सभासदांना इमारत विकून पैसे वाटून घेता येत नाहीत. हे कलम घालावेच. जुन्या धर्मादाय परंपरेचा वारस म्हणवून घेणाऱ्या संस्थेने ते वगळले, तर तिच्या दाव्यात अर्थ उरत नाही.

आयव्ही हाऊसची आर्थिक जुळणी अभ्यासण्याजोगी आहे. इमारतीची किंमत सुमारे ८,१०,००० पौंड होती. आर्किटेक्चरल हेरिटेज फंड या १९७६ पासून कार्यरत असलेल्या संस्थेकडून ५,५०,००० पौंडांचे कर्ज, सोशल इन्व्हेस्टमेंट बिझनेस या संस्थेकडून ४,५०,००० पौंडांचे अनुदान, आणि ३७१ भागधारकांकडून १,४२,६०० पौंड अशी ती होती. भागभांडवलाचा वाटा एकूण रकमेत लहान दिसतो, पण ३७१ माणसे पबची मालक झाली आणि त्यातील बरीच गिऱ्हाईकही झाली. कर्ज किंवा अनुदानाने ते साधत नाही. नव्या गटांनी हे गणित जसेच्या तसे धरू नये. सरकारचा १५ कोटी पौंडांचा सामुदायिक मालकी निधी २०२१ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला, म्हणजे अनुदानाचे वारे फिरत असतात. पहिला सल्ला प्लंकेट या संस्थेकडून घ्यावा. १९१९ मध्ये आयरिश सहकारी चळवळीतील होरेस प्लंकेट यांनी ती स्थापन केली आणि ग्रामीण सामुदायिक दुकाने व पब हाच तिचा विषय आहे.

अंदाजपत्रकात दोन खड्डे असतात. पहिला म्हणजे मूल्यवर्धित कर : सूचीबद्ध इमारतीतील मंजूर बदलांवरची शून्य दराची सवलत ऑक्टोबर २०१२ मध्ये संपली, त्यामुळे कामावर २० टक्के कर धरावाच लागतो. दुसरा म्हणजे विक्रीच्या करारातील अट. काही विक्रेते इमारत विकताना ‘येथे पब चालवता येणार नाही’ असे बंधन घालतात, तर काही ठरावीक कंपनीचीच बिअर विकण्याचे. वकिलाने जमिनीच्या नोंदीतील सर्व बंधने वाचून लेखी अहवाल दिल्याशिवाय अनामत भरू नये.

भिंतींची दुरुस्ती

विल्यम मॉरिस यांच्या पुढाकाराने १८७७ मध्ये स्थापन झालेली प्राचीन इमारतींच्या रक्षणाची संस्था आजही एकच तत्त्व सांगते : जुने नवे करू नका, जुने टिकवा. पबच्या बाबतीत याचा अर्थ असा की बारच्या कडेला हातांनी झिजून गुळगुळीत झालेले लाकूड घासून नवे करायचे नसते. ती झीज हाच तिथला इतिहास असतो.

सर्वांत मोठी चूक सिमेंटची होते. जुन्या विटांच्या आणि दगडांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. त्यांतील ओल चुन्याच्या दरजांतून बाहेर पडते. कोणी दरजा सिमेंटने भरल्या की ओल आत अडते, हिवाळ्यात गोठते आणि विटांचे पापुद्रे सुटू लागतात. पुण्यातील वाड्यांच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवल्यावर आतून लोणा फुटलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. फक्त इंग्लंडमध्ये त्यात दहिवराची भर पडते. दरजा नेहमी विटेपेक्षा मऊ असावी, म्हणजे झिजायचे ते तिने झिजावे. चुन्याचे काम ५ अंश सेल्सिअसखाली करू नये, त्यामुळे बाहेरच्या कामाचे वेळापत्रक एप्रिल ते सप्टेंबर असेच आखावे.

क्रम असा ठेवावा : आधी छप्पर, पन्हळी आणि धुराडी; मग भिंती; मग वायरिंग आणि नळ; आणि सर्वांत शेवटी रंग. स्वयंसेवकांना रंगाचीच घाई असते, आणि छायाचित्रात तोच दिसतो, म्हणून समितीने येथे कठोर राहावे. आतील कोणतीही फळी उचकटण्यापूर्वी अॅस्बेस्टॉसची तपासणी करून घ्यावी. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधी दुरुस्त झालेल्या कोणत्याही इमारतीत ते असू शकते. माळ्यावर वटवाघळे असतील तर काम थांबवून तज्ज्ञाला बोलवावे लागते. त्यांना कायद्याने संरक्षण आहे आणि ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही.

खोल्यांची जुनी रचना शक्य तितकी टिकवावी. ‘स्नग’ नावाची छोटी खोली अनेक पबांत गेल्या पन्नास वर्षांत भिंत पाडून मोठ्या दालनात मिसळली गेली. वर्गणीची मंडळे, खेळांचे गट, शोकसभा या सगळ्यांना तीच खोली लागत असे आणि आजही लागते. बँकेचा सल्लागार तिला वाया गेलेली जागा म्हणेल. त्याचे ऐकू नये.

तळघर आणि परवान्याविषयी थोडक्यात. पिंपातल्या जिवंत बिअरसाठी तळघर ११ ते १३ अंशांवर असावे लागते, पिंप उघडल्यावर ते साधारण तीन दिवसांत संपावे लागते, आणि नळ्या दर आठवड्याला धुवाव्या लागतात. हे जमवणारा अनुभवी चालक मिळेपर्यंत दोनच प्रकारची बिअर ठेवावी. २००३ च्या परवाना कायद्याखाली जागेचा परवाना आणि वैयक्तिक परवाना असलेला नियुक्त पर्यवेक्षक आवश्यक आहे. अर्जानंतर आक्षेपांसाठी २८ दिवसांची मुदत असते, ती उद्घाटनाच्या तारखेत धरावी.

दानधर्म पुन्हा सुरू करताना

येथे बहुतेक समित्या घाईत चूक करतात : उद्घाटनाच्या रात्रीच एक मोठी रक्कम जाहीर करतात आणि पुढच्या हिवाळ्यात वीजबिल भरताना ती निधीतून उसनी घेतात. उसने घेतलेले ते पैसे परत येत नाहीत, आणि गावाला ते कळतेच. म्हणून पहिला नियम असा की दानाचा पैसा गल्ल्यात एका रात्रीपुरताही मिसळू नये. त्यासाठी वेगळी पेटी, वेगळे खाते आणि वेगळे दोन सहीदार असावेत, आणि त्यांतील किमान एक पबच्या समितीबाहेरचा असावा.

पब ही स्वतः धर्मादाय संस्था होत नाही. मद्यविक्री हा धर्मादाय हेतू नव्हे. म्हणून दोन मार्ग उरतात. संस्थेच्या सर्वसाधारण सभेने नफ्यातील वाटा दरवर्षी ठरावाने द्यावा, किंवा शेजारी स्वतंत्र धर्मादाय निधी उभारावा. निधीचे वार्षिक उत्पन्न ५,००० पौंडांपेक्षा जास्त झाले तर चॅरिटी कमिशन या धर्मादाय संस्थांच्या सरकारी नियामकाकडे नोंदणी करावी लागते. माझ्या मते लहान गावाने पहिली दोन वर्षे पहिला मार्ग धरावा. कागद कमी लागतात, आणि ‘यंदा किती देऊ शकतो?’ हा प्रश्न सगळ्यांसमोर चर्चेला येतो.

शोधात एखादा जुना निधी सापडला, तर तो मेला असे धरू नये. चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत नाव पाहावे; अनेक पॅरिशांतील लहान निधी एकत्र करून अजून चालवले जातात आणि त्यांच्या विश्वस्तांना लाभार्थीच सापडत नसतात. पाव आणि कोळसा वाटण्याची अट आज निरर्थक झाली असेल, तर मूळ हेतूच्या जवळ जाणारा नवा वापर कमिशनच्या संमतीने ठरवता येतो. कोळशाचा आजचा अर्थ घर उबदार ठेवण्याचे बिल असा घेता येतो, आणि पावाच्या जागी रुग्णालयात जाण्याचे बसभाडे किंवा शाळेचा गणवेश येऊ शकतो.

काय पुनरुज्जीवित करू नये, हेही स्पष्ट लिहून ठेवावे. जुन्या निधींत ‘सुशील’ गरिबांनाच मदत द्यावी, अशा अटी असत; चर्चमध्ये नियमित न जाणारा त्यातून वगळला जाई. पबच्या दारातही असेच भेद होते. १९६० च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक गावातील काही पबांत भारतीयांना ठरावीक खोलीत प्रवेश नव्हता. भारतीय कामगार संघटनेने त्याविरुद्ध लढा दिला, आणि १९६५ च्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा असा भेद बेकायदा ठरला. पुढे त्याच परिसरातील बंद पडू पाहणारे कित्येक पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले आणि ते ‘देसी पब’ म्हणून नावारूपाला आले. गावच्या पबच्या भिंतीवर इतिहासाची पाटी लावणार असाल तर हे पानही तिच्यावर असू द्यावे.

पैसे जमवण्याच्या रीतींपैकी रविवारची मांसाची सोडत सर्वांत सोपी आणि जुनी. स्थानिक खाटिकाकडून आणलेले मांस बक्षीस म्हणून ठेवायचे आणि तिकिटे विकायची. शाकाहारी घरांसाठी भाजीची टोपली ठेवली तर कोणी हरकत घेत नाही, उलट तिकिटे वाढतात. कायदा मात्र पाळावा. २००५ च्या जुगार कायद्याखाली एखाद्या कार्यक्रमाच्या ओघात काढलेल्या अव्यापारी सोडतीला परवाना लागत नाही, पण जमलेल्या रकमेतून बक्षिसांवर ५०० पौंडांपेक्षा आणि खर्चापोटी १०० पौंडांपेक्षा जास्त वजा करता येत नाही, आणि कोणाचाही खासगी फायदा त्यात असू नये. ठिकठिकाणी तिकिटे विकायची असतील तर लहान सोडत म्हणून कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते आणि किमान २० टक्के रक्कम कार्यासाठी जावी लागते. गावाने प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त द्यावी. वीस टक्क्यांच्या हिशेबाने दान करणारा पब लोकांच्या मनातून उतरतो.

स्लेट क्लब जसाच्या तसा सुरू करण्याचा मोह मात्र आवरावा. दुसऱ्याची बचत पबच्या खात्यात ठेवली आणि पब अडचणीत आला, तर ती बचत धनकोंच्या रांगेत उभी राहते. २००६ मध्ये ब्रिटनमधील फेअरपॅक ही नाताळ-बचतीची कंपनी कोसळली तेव्हा लाखाहून अधिक लोकांची वर्षभराची बचत अडकली होती. त्याऐवजी जवळच्या क्रेडिट युनियनला, म्हणजे तिकडच्या पतसंस्थेला, आठवड्यातून एकदा स्नगमध्ये टेबल मांडू द्यावे. तेथे ठेवींना कायद्याचे संरक्षण असते. वर्गणीची जागा आणि वार जुनेच राहतात, जोखीम तेवढी जाते.

मदत देणारी समिती तीन जणांची असावी : एक पबच्या व्यवस्थापनातील, एक शाळा, दवाखाना किंवा चर्च अशा ठिकाणी काम करणारा, आणि एक असा गावकरी ज्याचा दोन्हींशी संबंध नाही. अर्जाचा नमुना एका पानापेक्षा मोठा नसावा आणि तो बारवर मागावा लागू नये; कारण जो माणूस बारपाशी उभा राहून मदत मागतो त्याला सगळा गाव पाहतो, आणि ज्याला खरी गरज असते तो मग येतच नाही. लाभार्थ्यांची नावे कोठेही जाहीर करू नयेत. रक्कम मात्र पेनीपर्यंत जाहीर करावी : किती आली, कशातून आली, किती गेली, कोणत्या कारणासाठी गेली. पबमध्ये टपालसेवा, ग्रंथालयाचे कपाट किंवा किराणा ठेवण्याची योजना असेल, तर २००१ पासून याच कामात असलेल्या ‘पब इज द हब’ या संस्थेचा सल्ला घ्यावा. पण त्या सेवा आणि हा निधी यांचे हिशेब एकत्र करू नयेत.

वर्षाचा एक दिवस ठरवावा आणि तो बदलू नये. हबरहोमची मेणबत्ती जशीच्या तशी उचलू नये, ती त्या गावची आहे. तुमच्या दप्तरात जो दिवस सापडला असेल, मग तो एखाद्या खंडाच्या वसुलीचा असो वा नाताळापूर्वीच्या वाटपाचा, तोच घ्यावा. त्या संध्याकाळी बार अर्धा तास बंद ठेवावा, खजिनदाराने वही मोठ्याने वाचावी, ज्याला प्रश्न विचारायचा असेल त्याला विचारू द्यावे, आणि पुढच्या वर्षासाठी समितीतील तिघांपैकी एकाला बदलावे. वही नंतर बारमागच्या फडताळात, कोणालाही हात घालून काढता येईल अशा कप्प्यात ठेवावी.